सात नंबरवरचा गांगुर्डे

मशीन काम करत असताना मिलिंद गांगुर्डे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डिसेंबर होता. मला वाटलं, पोराला थंडी वाजतेय. मी म्हटलं, "सर, खिडक्या लावून घेऊ का?" पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "नको मावशी. हात मोकळे राहिले की काहीतरी दाबतात. आत्ता काम मशीनचं चाललंय, माझं नाही."

असा तो तासन्‌तास बसायचा. पडद्यावर इंग्रजी ओळी खालून वर पळत असायच्या आणि हा हातांवर बसलेला. मी झाडू मारून, फरशी पुसून, चहाचे कप उचलून परत यायचे तरी तसाच. मुलं त्याला हसायची. एवढा धीर असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याच्या धीराची माती केली ती मीच, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कळण्यापेक्षा बरं.

सातपूरच्या बाजूला एक खाजगी तंत्रनिकेतन आहे, तिथं मी सव्वीस वर्षं शिपाई होते. शिक्षण चौथी. शेवटची बारा वर्षं कॉम्प्युटरच्या लॅबची किल्ली माझ्याकडे होती. लॅबमध्ये चोवीस मशीन, सगळी कुठल्याशा कंपनीनं काढून टाकलेली. संस्थेला ती फुकटात मिळाली होती आणि ती चालवायला गांगुर्डे. तोही संस्थेला जवळजवळ तसाच मिळाला होता. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक महिना कागदावर सुट्टी, मग परत अकरा महिन्यांची ऑर्डर. त्या सुट्टीच्या महिन्यातही तो यायचाच, फक्त मस्टरवर सही करायचा नाही. अशी अकरा वर्षं काढली त्यानं. सातपूर कॉलनीत दोन खोल्यांत आईबरोबर राहायचा. लग्न जमत नव्हतं. मुलीकडचे पहिला प्रश्न विचारायचे, नोकरी कायम आहे का. उत्तर ऐकून चहा पिऊन जायचे.

त्याला सगळे सर म्हणायचे. माझ्या धाकट्यापेक्षाही दोन वर्षांनी लहान होता. चारचौघांत मी सर म्हणायचे, लॅबमध्ये कोणी नसलं की मिलिंद.

त्याची एक खोड होती. तयार काही आणून मशीनवर बसवायचा नाही. मुलं ज्यात प्रोग्रॅम लिहायला शिकतात ती जी भाषा असते, ती मशीनवर आधी बसवावी लागते. बाकी कॉलेजांत ती तयार मिळते, आणायची आणि बसवायची, अर्ध्या तासाचं काम. आमच्या मशीनवर नवी तयार भाषा बसतच नव्हती, मशीन फार जुनी. मग हा तिचा मूळ मजकूर आणायचा, माणसानं लिहिलेला, हजारो पानं भरेल एवढा, आणि त्यातून ती भाषा आमच्या मशीनच्या मापानं नव्यानं बनवायचा. मुलं चेष्टा करायची. लॅबला म्हणायची गांगुर्डे सरांचं स्वयंपाकघर.

एकदा एक मुलगा म्हणाला, "सर, जमाना कुठं गेला. एक क्लिक करायचं, झालं."

"तुझ्या मोबाइलवर कर क्लिक," गांगुर्डे म्हणाला. "तिथं मोडलं की तू मोबाइल बदलशील. इथं मोडलं तर मला कळलं पाहिजे कुठं मोडलं. मुळापासून केलेलं असलं की कळतं."

हे त्याचं नेहमीचं वाक्य. मुळापासून केलं की कुठं मोडलं ते कळतं. दुसरं वाक्य म्हणजे, आधी तपासणी, मग बसवणी. बनवून झालं की तो लगेच बसवायचा नाही. आधी मशीनकडून शेकडो परीक्षा घ्यायचा, त्यातली एखादी जरी नापास झाली तरी परत सगळं पहिल्यापासून.

मला त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं. पण रोज बघून माणूस विचारतोच. एक दिवस मी विचारलं, "हा मजकूर माणसाचा आहे ना? मग मशीनला तो कळतो कसा?"

"नाही कळत. तो मशीनच्या बोलीत करून देणारा एक प्रोग्रॅम असतो, कंपायलर म्हणतात. आपण तोच बनवतोय. नवा कंपायलर."

"आणि त्याचा मजकूर मशीनला कोण करून देणार?"

तो माझ्याकडे वळला. म्हणाला, "जुना कंपायलर. तोच सात नंबरच्या मशीनवर ठेवलाय. नवा बनवायला जुना लागतो."

"म्हणजे विरजण," मी म्हटलं. "दही लावायला दही लागतं."

गांगुर्डेनं हात मांड्यांखालून काढले आणि टेबलावर ठेवले. "मावशी, हे मी तिसऱ्या वर्षाच्या पोरांना दोन तास घेऊन शिकवतो, तरी निम्म्यांना कळत नाही."

"त्यांनी दही कुठं लावलंय कधी. पण मग पहिला कंपायलर कुणी केला?"

"पहिला कुणीतरी हातानं केला. आकडे लिहून लिहून. पहिलं दही कुठून आलं?"

"ते मला माहीत नाही. माझ्याकडे शेजारच्या काळेबाईंकडून आलं."

तो हसला. तेव्हापासून सात नंबरच्या मशीनला आम्ही दोघं विरजणाचं मशीन म्हणायचो. अकरा वर्षांत त्यानं दर वेळी जुन्यावरून नवं, त्या नव्यावरून आणखी नवं, असं करत आणलं होतं. मधली एक पायरी जरी सुटली तरी पुढची बनत नव्हती. पुढं मी त्याच्या आईसाठी डब्यातून माझ्या घरचं विरजणही दिलं. तिचं दही आंबट व्हायचं.

त्यानं मला एक काम दिलं होतं. मशीन बनवण्यात गुंतलेलं असायचं तेव्हा तो दुसऱ्या वर्गाचं प्रॅक्टिकल घ्यायला जायचा आणि मी पडद्याकडे लक्ष ठेवायचं. मला इंग्रजी येत नाही. त्यानं चिठ्ठीवर एक शब्द लिहून भिंतीवर बोर्डाशेजारी चिकटवला. पाच अक्षरं, त्यातलं एकच अक्षर तीनदा. "असा शब्द पडद्यावर दिसला की मला हाक मारायची. बाकी ओळी थांबल्या, काळं झालं, काही होऊ दे. थांबलं म्हणजे बिघडलं असं नाही, विचार करत असतं. हा शब्द आला तरच हाक. आणि हात नाही लावायचा."

ते काम मला आवडायचं. सुरुवातीला तर गंमतच असायची. मशीन आधी स्वतःलाच विचारत बसतं, माझ्याकडे हे आहे का, ते आहे का, आणि एकेका ओळीत सांगतं, आहे, आहे, नाही, आहे. दिवाळीच्या फराळाला बसण्याआधी बाई डबे उघडून बघते तसं. हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला, "आणि बेसन नसलं तर?" मी म्हटलं, "मग लाडू होत नाहीत." "इथंही नाही होत," तो म्हणाला. वर्षातून दोनतीनदा मी त्याला हाक मारायला गेले असेन. वर्ग सोडून धावत यायचा, ओळ वाचायचा आणि म्हणायचा, "बरं झालं लगेच बोलावलंत."

गोड माणूस होता असं मात्र नाही. जिभेला धार होती आणि ती कुठं वापरावी हे कळत नव्हतं. एकदा मी ओल्या फडक्यानं कीबोर्ड पुसला तर सगळ्या मुलांसमोर मला बोलला. आठ दिवस मी त्याच्या टेबलावर चहा ठेवला नाही. ऑफिस सुपरिंटेंडेंट बोराडे साहेबांशी त्याचं कधीच पटलं नाही. साहेब एकदा लॅबमध्ये येऊन म्हणाले, "गांगुर्डे, सकाळपासून बघतोय, नुसते बसून आहात. काही काम करा."

"काम चालू आहे साहेब."

"मला तर काही दिसत नाही."

"दिसणार नाही. तुम्हाला मशीन चालू आहे का बंद, एवढंच ओळखता येतं."

मुलं हसली. बोराडे साहेब निघून गेले. मी गांगुर्डेला म्हटलं, "कशाला बोललास? तुझी ऑर्डर त्यांच्या टेबलावरून येते." तो म्हणाला, "खोटं बोललो का?" खोटं नव्हतं. पण साहेबांनी ते जपून ठेवलं.

माझं एक काम त्यानं केलं तेही सांगायला हवं. माझ्या पीएफच्या कागदांवर नाव एक आणि आधारवर दुसरं होतं, जन्मसाल तर तिसरंच. ऑफिसात चार वर्षं मी अर्ज देत होते आणि चार वर्षं उद्या या ऐकत होते. गांगुर्डेनं माझ्याकडून सगळे कागद मागून घेतले, शाळेच्या दाखल्यापासून. पुढं तीन महिने त्यानं ते प्रकरण सोडलं नाही. शेवटी नाव जुळलं. आज मला जी पेन्शन मिळते ती त्यामुळे.

मग ते वर्ष आलं. अभ्यासक्रम बदलला. मुलांना भाषेची नवी आवृत्ती हवी होती. तंत्रशिक्षण मंडळाची समिती दसऱ्यानंतरच्या बुधवारी लॅब बघायला येणार होती आणि चोवीस मशीनवर ती नवी भाषा चालताना दाखवायची होती. संस्थेच्या सचिवांनी गांगुर्डेला बोलावून सांगितलं, समिती नीट पार पडली की तुमची फाइल कायमसाठी पुढं पाठवतो. तो मला येऊन म्हणाला, "मावशी, आईनं एक स्थळ बघून ठेवलंय. या वेळी चहाच्या पुढं जाईल."

मशीनच्या पोटात जागा कमी. म्हणून त्यानं नवरात्रात तेवीस मशीनवरचं जुनं सगळं काढून टाकलं, नव्यासाठी जागा केली. जुना कंपायलर राहिला फक्त सात नंबरवर. ही त्याची चूक. एवढा सावध माणूस, एका मशीनवर तरी जास्तीचं ठेवायचं. त्याची भिस्त कपाटातल्या सीडीवर होती. ती सीडी त्यानं डब्यात जपून ठेवली होती, पण तीनचार पावसाळ्यांत उघडून बघितली नव्हती.

दसरा गुरुवारी होता. बुधवारी संध्याकाळी त्यानं सात नंबर कामाला लावलं. त्याचं म्हणणं असं, आधी जुना नव्याला बनवणार, मग नवा स्वतःला परत बनवणार, दोन्ही सारखे निघतात का ते मशीन ताडून बघणार, तपासण्या घेणार, आणि सगळं बरोबर निघालं तर जुन्याच्या जागेवर आपोआप नवं बसवणार. गुरुवारी दुपारपर्यंत होईल. मशीनवर त्यानं मोठ्या अक्षरांत कागद लावला, हात लावू नये.

"उद्या मी आईला घेऊन त्रिरश्मीला जाणार," तो म्हणाला. दसऱ्याला त्यांच्याकडचे लोक पांढरे कपडे घालून लेण्यांच्या पायथ्याशी विहारात जातात. "परवा तिला मालेगावला ताईकडे सोडणार. शनिवार-रविवार सुट्टीच. सोमवारी येतो. तुम्ही पूजेला याल तेव्हा फक्त पडद्यावर नजर टाका. तो शब्द दिसला तर फोन करा, असेन तिथून येईन. नाही दिसला तर फोन करू नका, सण आहे. तुमचा फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं मी समजेन."

आमच्या संस्थेत दसऱ्याच्या सकाळी मशीनची पूजा असते. वर्कशॉपमधली लेथ, वेल्डिंगची मशीन, ऑफिसातलं झेरॉक्स आणि लॅबमधले कॉम्प्युटर. मी नऊ वाजता लॅब उघडली. दाराला झेंडूचं तोरण बांधलं, एकेक मशीन कोरड्या फडक्यानं पुसलं, हळदकुंकू लावत गेले. सात नंबरपाशी थांबले. आत पंखा फिरत होता, दिवा लुकलुकत होता. पडदा काळा, एक ओळ हलत नव्हती.

माझा नवरा सातपूरच्या एका कंपनीत लेथवर होता. खंडेनवमीला त्यांची सगळी लेथ बंद असायची. धुऊनपुसून, तेल काढून, हार घालून. चालत्या मशीनला कुंकू लावायचं नाही, वर्षभर राबतं त्याला एक दिवस विसावा द्यायचा, असं त्यानं मला लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितलं होतं. एका वर्षी तिथल्या एकानं ऑर्डर अर्जंट म्हणून त्या दिवशी मशीन चालवलं आणि त्याचं बोट गेलं. ते बोट मी पाहिलेलं आहे, म्हणजे नसलेलं.

मला कोणी सांगितलं नाही. बोराडे साहेब अजून आले नव्हते. मीच ठरवलं. मनात म्हटलं, ओळी पळत नाहीत, म्हणजे काम संपलं असणार. थांबलं म्हणजे बिघडलं असं नाही हे त्यानं शिकवलं होतं. थांबलं म्हणजे संपलं असंही नाही, हे मला सुचलं नाही. कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत होतं. मी मागचं बटण बंद केलं. भिंतीवरच्या घड्याळात दहाला वीस मिनिटं कमी होती. मग कुंकू लावलं, फूल ठेवलं.

दहाला सचिव आले, बोराडे साहेब आले, उंबऱ्यावर नारळ फोडला, पेढे वाटले. साहेबांनी रांगेवरून नजर फिरवली. सात नंबरवरचा कागद वाचला, मशीन बंद दिसलं, काही बोलले नाहीत. सगळे वर्कशॉपकडे गेले. मी मागं राहिले आणि अकराच्या सुमाराला सात नंबर परत चालू केलं. पडद्यावर पाचसहा ओळी आल्या आणि थांबल्या. त्यातल्या दोन ओळींत तो शब्द होता. पाच अक्षरं, एक अक्षर तीनदा. बोर्डाशेजारची चिठ्ठी काढून पडद्याला लावून पाहिली. तोच होता.

फोन माझ्या पर्समध्ये होता. नंबर त्यात होता, नातीनं भरून दिलेला, वर त्याचा फोटोही होता. मी खुर्चीवर बसले. फोन केला तर तो विचारणार, मशीन कोणी बंद केलं. माझी निवृत्ती दीड वर्षावर होती. कोणी काढून टाकेल अशी भीती वाटली. तो सगळ्यांसमोर बोलेल अशीही वाटली. दुसरं काही कारण नाही. मी चिठ्ठी परत जागेवर चिकटवली, पडदा बंद केला, लॅबला कुलूप लावलं, आपट्याची पानं घेतली आणि घरी गेले. शुक्रवारी फोन केला नाही, शनिवारी केला नाही, रविवारी केला नाही. तिकडे तो समजत होता, सगळं ठीक आहे.

सोमवारी तो नवा शर्ट घालून आला. सात नंबरसमोर बसला. मी दारात फडकं घेऊन उभी होते. बराच वेळ त्यानं काही दाबलं नाही, नुसतं वाचलं. नवं बसत असतानाच मध्येच मशीन गेलं होतं. जुनं अर्धं पुसलं गेलं होतं, नवं अर्धं बसलं होतं, दोन्ही कामाचं राहिलं नव्हतं. त्यानं उठून कपाटातली सीडी काढली. तिला बुरशी धरली होती. सदऱ्याच्या टोकानं पुसून दोनदा घातली, मशीन वाचेना.

"मावशी, गुरुवारी लाइट गेली होती का?"

"गेली असेल," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तो शब्द दिसला नव्हता?"

"मी पडदा नीट पाहिला नाही. पूजेची गडबड होती."

"बरं," तो म्हणाला आणि पाठ फिरवली. परत त्यानं मला काही विचारलं नाही.

पुन्हा पहिल्या पायरीपासून चढत यायला त्याच्या हिशेबानं पाच दिवस लागणार होते. गुरुवारी कळलं असतं तर सहा दिवस हातात होते. सोमवारी दोन उरले होते. हे त्यानं मला सांगितलं नाही, प्राचार्यांना सांगत होता तेव्हा मी चहा ठेवत होते. दोन दिवस तो घरी गेला नाही. बुधवारी समितीची तीन माणसं आली तेव्हा तो तिसऱ्या पायरीवर होता. चोवीस मशीन समोर, दाखवायला काही नाही. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं, जेवले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सचिवांच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. बोराडे साहेब म्हणाले, "दसऱ्याच्या दिवशी मशीन चालू सोडून हे फिरायला गेले. आपली पूजा असते हे माहीत असून. ज्याला मशीनला हात जोडायचे नसतात, त्यानं निदान त्याच्यापाशी थांबायचं तरी."

खोलीत कोणी मान वर केली नाही. गांगुर्डे एवढंच म्हणाला, "मी फिरायला गेलो नव्हतो."

सचिवांनी मला विचारलं, "बाई, किल्ली तुमच्याकडे होती. मशीनला कोणी हात लावला का?"

बोराडे साहेब माझ्याकडे बघत होते. गांगुर्डे बघत नव्हता. तो खिडकीबाहेर पाहत होता, दोन्ही हात मांड्यांखाली.

"मला माहीत नाही साहेब," मी म्हटलं.

एवढंच. मागाहून लोक म्हणाले, त्याला काढायचंच होतं, तू काय करणार. असेलही. पण मला विचारलं होतं आणि मी खोटं बोलले होते, हे त्यामुळे बदलत नाही. त्याची ऑर्डर डिसेंबरमध्ये संपली, पुढची निघाली नाही. जाताना त्यानं लॅबच्या कपाटाची यादी करून दिली, वस्तूवार, सही करून. मला म्हणाला, "येतो मावशी." मी म्हटलं, "ये." उन्हाळ्यात चोवीस नवी मशीन आली. त्यांच्यावर सगळं तयार बसवलेलं होतं. बनवायचं काही नव्हतं, बघत बसायचं काही नव्हतं. ती चिठ्ठी बोर्डाशेजारी मी निवृत्त होईपर्यंत होती. पुढं रंग देणाऱ्यांनी तिच्यावरूनच रंग मारला.

पेन्शन घेणाऱ्याला वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. मशीनवर बोट टेकवायचं, ते ओळखतं. माझी बोटं ओळखत नाही. सव्वीस वर्षं फरशी पुसून रेघा गेल्या आहेत. मागच्या नोव्हेंबरात दोन केंद्रांत हात हलवत परत आले. पोरं दोनदा बघतात आणि म्हणतात, "आजी, नाही लागत. उद्या या." तिसऱ्या ठिकाणी कोणीतरी पाठवलं, अशोकनगरच्या पुढं, एका गाळ्यात. आत गेले तर टेबलामागं गांगुर्डे.

केस पांढरे झाले होते. मला पाहून उठला नाही. "बसा मावशी," म्हणाला. कागद घेतले, नाव वाचलं, आधारशी ताडून पाहिलं. "जुळतंय," म्हणाला.

"तूच जुळवलं होतंस," मी म्हटलं. त्यानं कागद बाजूला ठेवले. "आई कशी आहे?"

"गेली. दोन वर्षं झाली."

"आणि तुझं लग्न?"

"ते राहिलं."

त्यानं माझा अंगठा ओल्या रुमालानं पुसला, कोरडा केला, काचेवर टेकवला. लाल. मग तर्जनी. लाल. मधलं बोट. एकेक बोट पुसून, टेकवून, परत. मागं चार माणसं थांबली होती, त्यातला एक म्हणाला, "साहेब, आजींना बाजूला बसवा ना." गांगुर्डे म्हणाला, "वेळ लागेल. थांबायचं तर थांबा."

मी म्हटलं, "मिलिंद, ते मशीन मी बंद केलं होतं."

"माहीत आहे," तो म्हणाला. माझा अंगठा त्यानं परत काचेवर ठेवला, थोडा तिरका. "दहाला वीस कमी असताना बंद झालं आणि अकराला चालू झालं. मशीन वेळ लिहून ठेवतं. लाइट गेली असती तर परत बटण कोणी दाबलं? किल्ली एकच होती."

"मग बोलला का नाहीस?"

"मी काय बोलायचं? मी तुमची वाट बघितली. सोमवारी बघितली, सचिवांच्या खोलीत बघितली. नंतर डिसेंबरपर्यंत बघितली." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. "बंद केलंत त्याचं काही नाही मावशी. पूजा होती. माझ्या आईनंही केलं असतं. पण तो शब्द तुम्हाला ओळखता येत होता. मीच शिकवला होता. हाक मारली नाहीत."

पडद्यावर गोल फिरायला लागला. गांगुर्डेनं माझं बोट सोडलं, खुर्चीत मागं सरकला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. आम्ही दोघं त्या गोलाकडे बघत बसलो. मागची माणसं कुरकुरत होती. तो हलला नाही. मग हिरवं झालं.

"झालं," तो म्हणाला. कागद छापून माझ्या हातात दिला. "एक वर्ष चालेल."

यंदाचा दाखला काढायचा आहे. घराजवळ नवं केंद्र उघडलंय, चालत पाच मिनिटांवर. नात म्हणते, तिकडं कशाला जातेस रिक्षा करून, तो माणूस तुझ्याशी धड बोलतही नाही. खरं आहे, बोलत नाही. यंदाही बोलणार नाही, आणि मला क्षमा वगैरे मागायला जायचं नाही. ती वेळ होती तेव्हा मी फडकं घेऊन दारात उभी होते. मी जाते कारण माझा अंगठा दुसऱ्या कोणाकडे लागत नाही. बाकीचे दोनदा बघून उद्या या म्हणतात. तो थांबतो.